कोंडाजीच्या विहिरीतलं तेल

रविवार, २ मार्च

पहिला रोजा. ही डायरी ऑइल कंपनीचा एजंट जानेवारीत देऊन गेला. पहिल्या दोन महिन्यांची पानं बायकोने, अख्तरुन्निसाने, फाडून मसाल्याच्या डब्यांखाली अंथरली. उरलेल्या पानांवर लिहायला बसलो, कारण आज जे कानावर आलं ते कुणाला सांगण्यासारखं नाही. पोटात ठेवावं तर पोट रिकामं.

चौक गावाला जुन्या हायवेवर माझं गॅरेज आहे, त्याला एकतीस वर्षं झाली. श्रीवर्धनहून आलो तेव्हा अंगावरच्या लेंग्याखेरीज फक्त दोन कान बरोबर होते. ट्रक वळणावर असतानाच मी सांगतो, याचा पुढचा बेअरिंग गेलाय. दुसरं हत्यार जीभ. गाडीतलं ऑइल बोटावर घेऊन जिभेच्या टोकाला लावलं की ते किती पळालंय ते कळतं. पण रमजानात महिनाभर जीभ बंद. इफ्तारनंतरसुद्धा नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच रमजानात अख्तरुन्निसाने बजावलं होतं, "ज्या तोंडानं खजूर खाता, त्या तोंडात एक महिना तरी काळं घालू नका." तेव्हापासून या महिन्यात धंदा कानांवर.

तर आज दुपारी मागच्या भिंतीला टेकून बसलो होतो. भिंतीपलीकडे उताराला कोंडाजीदादाचं शेत आणि विहीर. दादा आणि त्याचा मुलगा संतोष बोलत होते.

"संतोष, विहिरीत तेल दिसतंय रं. जमिनीतनं वर येतंय."

"गप, बाबा. कुणी ऐकंल."

"म्हणून तर सांगतो, कुणाला बोलू नको. त्या गॅसवाल्यांनी पिवळे खांब उगाच नाय ठोकले आपल्या अंगाला."

दादा तसा इतका हळू बोलतो की त्याच्या बैलालाही दोनदा सांगावं लागतं. आज चांगला मोठ्यानं बोलत होता. वय झालं. ऐकायला कमी येऊ लागलं की माणसं ओरडून बोलतात.

मंगळवार, ४ मार्च

दोरीचं निमित्त काढून दादाच्या विहिरीवर जाऊन आलो. पाणी खाली गेलंय. पाण्यावर मोराच्या पिसासारखे रंग, आणि गॅरेजच्या अंगाच्या दगडांतून काळे ओघळ. रोज्यात नाक तिखट होतं. वास ओळखीचा वाटला, कुठला ते आठवेना. मोठं नशीब पहिल्यांदा भेटतं तेव्हा ओळखीचंच वाटत असावं.

कुणी बघत नाहीसं पाहून दोरीला फडकं बांधून सोडलं, पिळून औषधाच्या बाटलीत भरलं. बोटांत चोळून पाहिलं. मऊ. चांगला माल. जिभेला लावायची फार इच्छा झाली. लावली नाही.

विहिरीच्या काठावरचं वांग्याचं रोप वाळलंय. तेलाच्या जमिनीत वांगी कशी येतील.

शुक्रवार, ७ मार्च

इफ्तारला तौकीर आला. माझा भाचा आणि आता जावई. आखातात तेल कंपनीत अकरा वर्षं काढलीत, तेव्हा त्याला विश्वासात घेतलं. तो तिथे मेसमध्ये चपात्या लाटायचा हे खरं, पण अकरा वर्षं तेलवाल्यांना चपात्या वाढल्या म्हणजे चार गोष्टी कानावर पडणारच.

बाटली उजेडात धरून तो म्हणाला, "मामू, हे क्रूड. शंकाच नाही."

"खात्री आहे?"

"आमच्याकडे असंच होतं. काळं."

अख्तरुन्निसा भजी तळत होती. तिने पाठ न वळवता विचारलं, "त्यांची विहीर आपल्या गॅरेजच्या खाली ना?"

मी म्हटलं, "हो. म्हणून तर आपल्याला पहिल्यांदा कळलं."

"मी कुठं काय म्हणते. खाली हाय, एवढंच म्हणते."

तौकीर म्हणाला की तेल निघालं की पहिल्यांदा प्रदूषणवाले येतात, तेव्हा आजूबाजूला स्वच्छता हवी. ती काळजी मला नाही. चौकात नऊ गॅरेजं, बहुतेकांच्या दारात काळी गटारं. माझं अंगण बघा, त्यावर पुलाव वाढा. मी चौऱ्याण्णव सालीच बारा फुटांचा शोषखड्डा खणला, खाली खडी, वर रेती. गाडीतलं काढलेलं जळकं ऑइल सगळं त्यात. एकतीस वर्षांत तो एकदाही भरला नाही. या जमिनीची तहानच तशी आहे. ग्रामपंचायतीने मला स्वच्छ गॅरेजचं सन्मानचिन्ह दिलंय, ते टायरच्या रॅकवर आहे.

रविवार, ९ मार्च

मन खात आहे. मी इथे आलो तेव्हा मला टपरी टाकायला जागा दिली ती दादाने. ताडपत्री त्याची, बांबू त्याचे. दोन वर्षं जेवण सोनाबाई वहिनीचं. आणि त्याच्या विहिरीत तेल आहे हे ऐकून मी त्याला न सांगता ती विहीर घ्यायचं मनात आणतोय. पण न सांगता कसं, त्यालाही माहीतच आहे की. फक्त त्याची किंमत त्याला माहीत नाही. हे मी स्वतःला दिवसभरात तीनदा समजावलं. तिसऱ्यांदाही नीट पटलं नाही.

वहिनी डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन धाब्याच्या नळावरून येताना दिसली. विचारलं, "वहिनी, घरची विहीर सोडून?"

"दिवाळीपास्नं त्या पाण्याला वास मारतोय, अबूभाई. आरोहीच्या अंगावर फोड उठले. तवापासून नळ." थांबून म्हणाली, "तुमच्या नाकाला येत नाय का वास?"

"माझ्या नाकाला गॅरेजचा वास बसलाय, वहिनी. दुसरा येतच नाही."

"तसंच असंल," ती म्हणाली, आणि हंडा सावरून गेली.

नातीच्या अंगावर फोड उठले आणि मी तेलाची स्वप्नं बघतोय. संध्याकाळी आरोहीसाठी मलम पाठवलं. वहिनीचा हंडा उचलायला गॅरेजातला पोऱ्या उमरही पाठवायला हवा होता, पण तेवढी लाज आलेली नव्हती.

शुक्रवार, १४ मार्च

धुळवड. रंगलेली माणसं गाड्या घेऊन येतात आणि सीटवर हिरवे हात ठेवून जातात. दुपारी पुन्हा भिंतीपलीकडून.

"बाबा, पनवेलचा धनेश म्हणून पार्टी हाय. त्याला वास लागलाय. पाडव्याला येतो म्हनतोय."

"येऊ दे की. आपल्याला काय, जो पहिला येईल त्याला."

"अबूचाचांना विचारायचं का?"

"त्यो कशाला घेईल रं. त्याच्याकडं गॅरेज हाय, जमीन हाय, मोठा माणूस." मग दादाला खोकला आला. बराच वेळ खोकत होता. संतोषही खोकला. हवा खराब आहे.

पनवेलच्या माणसाने चौकातलं तेल न्यावं हे मला मान्य नाही.

गुरुवार, २० मार्च

सात गाड्यांचं ऑइल बदललं. खड्डा पोटभर प्याला. मी उपाशी.

सोमवार, २४ मार्च

बोललो. रात्री तरावीहच्या नमाजानंतर सरळ दादाच्या ओटीवर जाऊन बसलो. म्हटलं, "दादा, विहिरीचा तो चार गुंठ्यांचा तुकडा मला दे. जे मागशील ते."

दादाने तंबाखू मळली. सोनाबाई दारात येऊन उभी राहिली. संतोष मोबाइल बंद करून बाहेर आला. एवढी माणसं एवढ्या पटकन जमलेली मी त्या घरात बारशालासुद्धा पाहिली नव्हती.

"पैशाचं नको बोलू," दादा म्हणाला. "घरात पैशावरनं भांडणं व्हतात."

"मग?"

"तुझी वरच्या अंगाला जमीन हाय ना, गॅरेजच्या वर, जिथं तू हॉटेल बांधणार व्हतास? तिथं मला एक विहीर खणून दे. पंप बसव. पाइप माझ्या दारापर्यंत. आणि पाणी लागंपर्यंत रोज एक टँकर."

"एवढंच?"

"एवढंच."

"वरच का? खाली तुझीच मोकळी जमीन आहे."

"वरचं पाणी गोड असतं," सोनाबाई दारातून म्हणाली.

घरी येताना रस्त्यावर हसू आवरेना. एवढं घबाड हातात आणि माणूस मागतो काय, तर पाणी. अख्तरुन्निसाला सांगितलं तेव्हा तिने मला नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं. पंचवीस वर्षांपूर्वी मला बघायला आली होती तेव्हा असंच पाहिलं होतं. "द्या खणून," ती म्हणाली. "आणि विहीर चांगली खोल खणा."

रविवार, ३० मार्च

सकाळी पाडवा, संध्याकाळी चाँदरात. दादाच्या गुढीसमोर पाच माणसांत शब्द दिला. सुपारी फोडली. कागद नंतर होतील, चौकात सुपारी फुटली की कागद फक्त सरकारसाठी. वहिनीने सगळ्यांना कडुनिंब-गूळ दिला, माझा पानात गुंडाळून हातात ठेवला, "रोजा सुटल्यावर खा. कडू पहिल्यांदा, गोड मागनं." धनेश आला नाही. घाबरला असणार.

चंद्र दिसला. गळाभेटी झाल्या. जीभ मोकळी झाली. सगळे बाजारात गेल्यावर बाटली काढली. म्हटलं, चाखून तरी बघू, आपल्या नशिबाची चव.

बोट बुडवलं. टोकाला लावलं.

वीस-चाळीस नंबरचं इंजिन ऑइल. पंधरा हजार पळालेलं. डिझेलची काजळी, थोडं गिअरबॉक्सचं मिसळलेलं, आणि त्यात ती लाल ग्रीस जी चौकात माझ्याशिवाय कुणी वापरत नाही.

पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

सोनाबाईचं पान अजून खिशात होतं. ते खाल्लं.

सोमवार, ३१ मार्च

ईद. नमाज पढून आल्यावर शिरखुर्म्याचा डबा घेऊन सरळ दादाकडे. एरवी मी तिथे निघालो की आधी चपला वाजतात. आज चपलाही गप्प.

ओटीवर बसून सगळं सांगितलं. खड्डा, एकतीस वर्षं, सन्मानचिन्ह, तेलाची हाव, तुझ्याकडून विहीर स्वस्तात मारायची होती हेसुद्धा. म्हटलं, "दादा, तुझं पाणी मी घाण केलं. आरोहीचे फोड माझ्यामुळे. आणि वर मी तुझी विहीर घ्यायला आलो."

दादाला धक्का बसला असावा. मिशीवरून हात फिरवत राहिला. सोनाबाईने पदर तोंडाला लावला, तिचे खांदे हलत होते. बाई रडत होती, मला बघवेना. संतोष उठून आत गेला.

शेवटी दादा म्हणाला, "तू सांगितलंस, बरं झालं. आमी सांगणार नव्हतो."

"म्हणजे?"

"म्हणजे आमाला कुठं काय म्हायती." मग म्हणाला, "सुपारी मोडायची असंल तर मोड. आमचं काय म्हणणं नाय."

"शब्द गेला तो गेला. विहीर खणणार. आणि खड्डा उपसणार."

"तुमाला तोंडावर काय सांगायला गेलं तर तुमी कसे भडकता, आमचे हे म्हनायचे," सोनाबाई म्हणाली. तिचा आवाज आता साफ होता. "मागं तुमाला कुणी म्हणालं तुमचं गॅरेज वास मारतं, तर तुमी त्याचा स्पॅनर ठेवून घेतलात."

"ते वेगळं होतं, वहिनी."

"व्हय, वेगळं व्हतं."

असं मोठं मन. मला त्यांनी एक शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. शिरखुर्मा मात्र डबा पुसून खाल्ला, सगळ्यांनी.

शनिवार, १२ एप्रिल

खड्डा उपसायला मंगळ्याला सांगितलंय. ठाकुरवाडीकडचा, जमिनीशी बोलतो म्हणतात. बारा फूट उपसले तरी माती काळी. चौदा, काळी. सोळाला मंगळ्या वर आला, अंगभर ग्रीस लावल्यासारखा, आणि म्हणाला, "शेट, तुमी खड्डा नाय केला. तुमी नळ सोडला."

मला वाटत होतं जमीन पिते. ती पीत नव्हती, खाली पोचवत होती.

मातीचं काय करायचं हे कुणालाच माहीत नाही. प्रदूषणवाल्यांच्या ऑफिसला फोन केला तर बाईंनी विचारलं, "माती कोणत्या प्रकारात मोडते?" मी म्हटलं, "माझ्या." त्यांनी फोन ठेवला. शेवटी तळोज्याकडच्या एका कारखान्याने घेतो म्हणून सांगितलं, फेऱ्या मी करायच्या. पावसाआधी सगळी निघाली पाहिजे, नाहीतर आषाढात पुन्हा दादाच्या शेतात. रोज दोन फेऱ्या. गॅरेज अर्धा दिवस बंद. सन्मानचिन्ह परत द्यायला ग्रामपंचायतीत गेलो तर ग्रामसेवक म्हणाला, परत घेण्याचा फॉर्म नाही.

जुनं ऑइल आता ड्रममध्ये. परवाना असलेला माणूस महिन्यातून एकदा येऊन नेतो. इतकं सोपं होतं.

शुक्रवार, २ मे

वरच्या विहिरीला तीस फुटांवर पाणी लागलं. मंगळ्याने खालून ओंजळभर वर दाखवलं तेव्हा मी, तौकीर, संतोष, तिघेही काठावर आडवे झालो होतो. तौकीर म्हणाला, "मामू, हे पाणीच आहे. शंकाच नाही." यावेळी त्याचं खरं होतं.

मग एक गोष्ट ध्यानात आली. माझ्या या विहिरीच्याही वर, रस्त्याच्या वळणावर, तालिबचं गॅरेज आहे. त्यानेही खड्डा खणलाय. माझा बघूनच खणला, दोन हजार दहा साली. मीच त्याला माप दिलं होतं.

रविवार, ४ मे

तालिबकडे गेलो. तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "चाचा, स्वतः एकतीस वर्षं ओतलंत आणि आता हाजी झालात?" त्याचे दोन मेकॅनिक हसले. त्याला मंगळ्याकडे नेतो म्हटलं, माती दाखवतो म्हटलं. म्हणाला, "तुमची माती काळी असेल. माझी वेगळी आहे."

परत येताना राग आला. मग आठवलं की मीही हेच म्हटलं असतं, आणि वर त्याचा स्पॅनर ठेवून घेतला असता.

खाली दादाच्या दारापर्यंत पाइप आलाय. सोनाबाईने अजून नळ उघडलेला नाही. म्हणाली, "तालिबचं मिटू दे. पुन्हा नातीच्या अंगावर नको."

मंगळवार, ६ मे

मला एक युक्ती सुचली. कशी सुचली कोण जाणे, कधीकधी सुचतात मला.

तालिबच्या गॅरेजच्या मागे चिंच आहे, भिंतीला लागून. दुपारी जेवून तो त्या भिंतीला टेकून पडतो, हे मला माहीत, आणि कान त्याचेही बरे आहेत. मी आणि तौकीर चिंचेखाली जाऊन उभे राहिलो. मी जरा मोठ्यानं म्हटलं, "तौकीर, जुन्या ऑइलचं ऐकलंस का? तळोज्याची एक कंपनी गणपतीपर्यंत ड्रमने उचलणार म्हणतात. विमानात घालायचं म्हणे. ज्याच्याकडे साठा असेल त्याची चांदी."

तौकीर म्हणाला, "मामू, कुणी ऐकेल."

"म्हणून तर सांगतो. कुणाला बोलू नको. तो तालिब बिचारा जमिनीत ओततोय, त्याला कळलं तर आपल्यालाच टक्कर देईल."

तेवढ्यात तौकीरला खोकला आला. मलाही आला. हवा अजून खराबच आहे.

खाली पोचलो तेव्हा कोंडाजीदादा बांधावर उभा होता. विचारलं, "कुठं गेला व्हता रं, अबू?" सांगितलं सगळं. तो इतका हसला की त्याला बांधावर बसावं लागलं. एवढं काय हसण्यासारखं ते मला कळलं नाही. पण त्याला माझी अक्कल आवडली हे बघून बरं वाटलं.

शनिवार, १० मे

सकाळी तालिबच्या दारात टेंपोतून सहा रिकामे ड्रम उतरले. खड्ड्यावर त्याने सिमेंटचं झाकण टाकून घेतलं. मी जाता जाता विचारलं, "ड्रम कशाला रे?"

"असंच," तो म्हणाला. "जागा होती."

परवाना असलेल्या माणसाचा नंबर मी त्याच्या बोर्डावर खडूने लिहून आलो, कोण लिहून गेलं ते त्याला कळणार नाही. त्याचं ऑइल विमानात जाणार नाही, पण जमिनीतही जाणार नाही. संध्याकाळी सोनाबाईने नळ उघडला. आरोहीने पहिली कळशी भरली.

तालिबला वाटतंय, चौकातली सगळ्यात मोठी बातमी त्याच्या एकट्याच्या कानावर आली. वाटू दे बिचाऱ्याला.